न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सात रात्री, स्वतः गाडी चालवत

परदेशात पहिल्यांदाच गाडी हातात घ्यायची असेल, तर न्यूझीलंडचे दक्षिण बेट आपल्याला सोयीचे पडते. गाड्या डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच असते, पाट्या इंग्रजीत असतात आणि शहर मागे पडले की रस्ता मोकळा होतो. तरीही तिथून दमूनभागून परतलेली मंडळी बरीच भेटतात. बहुतेकांनी आठ दिवसांत अख्खे बेट उरकायचा घाट घातलेला असतो. रोज नवे गाव, रोज बॅगा भरा, रोज पाच तास गाडी, आणि आठवणीत काय राहते तर मोटेलची पार्किंग.

इथे सुचवलेली सहल सात रात्रींची आणि साधारण सातशे किलोमीटरची आहे. समृद्धी महामार्गावरून मुंबई ते नागपूर हे अंतर आपण एका दिवसात मारतो. तेवढेच अंतर इथे आठवडाभर पुरवायचे. ज्यांना हे फारच कमी वाटेल, त्यांनी पुढचे वाचण्याआधी घरच्यांना एकदा विचारून घ्यावे. गाडी चालवणाऱ्याला जितका उत्साह असतो तितका मागच्या सीटवर क्वचितच असतो.

कधी जायचे

आपल्या सुट्ट्या आणि तिकडचे ऋतू उलटसुलट बसतात. मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे थंडी सुरू झालेली असते. संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला अंधार पडतो आणि सकाळी सावलीतल्या वळणांवर रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असतो, जो डोळ्यांना दिसत नाही. ज्याने बर्फावर कधी गाडी चालवलेली नाही, त्याने पहिल्या सहलीसाठी मे ते सप्टेंबर टाळावेच.

दिवाळीची सुट्टी चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिथला वसंत. डोंगरमाथ्यावर बर्फ शिल्लक असतो, दिवस मोठा होत चाललेला असतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून टेकापोच्या आसपास ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुले लागतात. हवा मात्र लहरी. वारा सुटला की सुटतो. डिसेंबर-जानेवारीत क्वीन्सटाउनला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण त्यांच्याही शाळांना तेव्हाच सुट्टी असल्याने खोल्या महाग आणि तळ्याकाठची गावे भरलेली. शाळेचे बंधन नसेल तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य यासारखा काळ नाही: हवा स्थिर, गर्दी ओसरलेली, आणि एप्रिलमध्ये क्वीन्सटाउनजवळच्या ॲरोटाउनची झाडे पिवळीधमक.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. दोनेक महिने हाताशी ठेवा आणि व्हिसा येईपर्यंत पैसे परत न मिळणारे कोणतेही बुकिंग करू नका.

लायसन्स इंग्रजीत असेल तर छोट्या सहलीसाठी ते तिथे चालते. महाराष्ट्रातल्या स्मार्ट कार्डावर इंग्रजी असते, त्यामुळे तो प्रश्न सहसा येत नाही. मूळ कार्ड मात्र खिशात हवे. मोबाइलमधल्या डिजीलॉकरवर तिथे विसंबू नये. कार्डावरची मुदतही आताच पाहून घ्या. याशिवाय आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा. परिवहनच्या सारथी पोर्टलवरून अर्ज करता येतो, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते आणि परमिट एक वर्ष चालते. कायद्याने ते प्रत्येक वेळी लागेलच असे नाही. पण गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवरचा माणूस ते मागू शकतो, आणि रात्रभर विमानात अवघडून उतरल्यावर त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

सामान भरताना खाण्याच्या डब्यांचा विचार वेगळा करा. न्यूझीलंडची शेती आणि जंगल बाहेरच्या किडींपासून जपण्यासाठी विमानतळावर कडक तपासणी असते. विमानात दिलेले सफरचंद पर्समध्ये विसरले तरी ४०० डॉलर दंड जागेवर होतो. फळे, बिया, मध, दुधाचे पदार्थ घरीच ठेवा. चिवडा, मसाले, चहा पावडर जे काही न्याल ते फॉर्मवर 'आहे' म्हणून लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील, दंड होतो तो न लिहिल्याबद्दल. ट्रेकचे बूट धुऊन न्या. तळव्याला चिकटलेली मातीही ते बघतात.

रस्ता ठरवताना तास मोजा

नकाशावर दोनशे किलोमीटर दिसले की आपल्याला अडीच तास वाटतात. ॲपही तेच सांगते. पण तिथले बहुतेक राज्य महामार्ग दोन पदरी आहेत, एक जाणारा आणि एक येणारा. मध्ये डोंगर, वळणे, एकेरी पूल, कधी मेंढ्यांचा कळप. शिवाय दर वीस मिनिटांनी कुणीतरी 'थांबवा, थांबवा' म्हणणार. ॲपच्या वेळेत निम्मी वेळ आणखी मिळवा. तीन तासांच्या वर स्टिअरिंगवर बसायचे नाही असे ठरवले, तर दिवस आपोआप हलका होतो.

आता सहलीचा आराखडा: क्राइस्टचर्चला १ रात्र, टेकापो किंवा ट्वायझेलला २, वानाकाला २, क्वीन्सटाउनला २. गाडी क्राइस्टचर्चला घ्यायची आणि क्वीन्सटाउनच्या विमानतळावर सोडायची. दुसऱ्या गावी सोडण्याचे वेगळे पैसे लागू शकतात, ते खुशाल द्या. वाचलेल्या एका दिवसापुढे ते काहीच नाहीत.

पहिल्या दिवशी गाडी घेऊच नका. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. मुंबई-पुण्याहून सिंगापूरमार्गे गेलात तर दुसऱ्या टप्प्यातच दहा तास जातात, आणि घड्याळ आपल्यापेक्षा तिथल्या उन्हाळ्यात साडेसात, तिथल्या हिवाळ्यात साडेसहा तास पुढे असते. अशा अवस्थेत ताशी शंभरच्या रस्त्यावर उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. टॅक्सी किंवा बसने शहरात जा. बोटॅनिक गार्डनमध्ये पाय मोकळे करा. २०११ च्या भूकंपात मोडलेले हे शहर पुन्हा उभे राहताना अजून दिसते. शिगेरू बान या जपानी वास्तुकाराने जाड पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेले तात्पुरते कॅथेड्रल चालत गाठता येते. रात्री पोटभर झोपा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचे भाडेही वाचते.

क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर. आधी कँटरबरीची सपाट शेते आणि राकाया नदीवरचा जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा सरळ पूल, मग जेराल्डीन, फेअरली. नवख्याला हात बसवायला हा रस्ता उत्तम, कारण पहिला दीड तास वळणेच नाहीत. फेअरलीच्या बेकरीत 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री, खायला थांबा. पुढे बर्क्स पास ओलांडला की हिरवळ संपते, पिवळे गवत सुरू होते आणि थोड्या वेळाने टेकापोचे दुधाळ निळे पाणी समोर येते. हिमनद्या खडक दळतात, त्याची पिठासारखी बारीक पूड पाण्यात तरंगत राहते, म्हणून हा रंग.

टेकापोला १९३५ चे छोटे दगडी चर्च आहे आणि त्याच्याभोवती दिवसभर बसेस. सकाळी आठच्या आत जा. रात्री मात्र गावाबाहेर थोडे अंतर जाऊन दिवे बंद करून वर बघा. २०१२ पासून हा सगळा परिसर काळोखी आकाशाचा राखीव प्रदेश आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा त्या हिशेबाने झाकलेले. आपल्याला माहीत असलेला मृग इथे उलटा, डोक्यावर उभा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सामान खोलीवरच ठेवून ओराकी माउंट कुकला जाऊन या, एका बाजूने शंभरेक किलोमीटर. शेवटचा ५५ किलोमीटरचा रस्ता पुकाकी तळ्याच्या काठाने जातो आणि हवा साफ असेल तर ३७२४ मीटरचा डोंगर सबंध वेळ समोर असतो. एव्हरेस्टवर जाण्याआधी एडमंड हिलरी याच डोंगरांत तयार झाले. गावातल्या हॉटेलाबाहेर त्यांचा पुतळा आहे. ज्यांना फार चालवत नाही त्यांनी टास्मान हिमनदीच्या बाजूचा छोटा चढ चढावा, पाऊण-एक तासात जाऊन-येऊन होते. हूकर दरीची पायवाट लांब पण जवळजवळ सपाट. तिथले झुलते पूल कधी कधी दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून गावातल्या माहिती केंद्रात आधी विचारा. शिखर ढगात असेल तर चिडचिड करू नका. दोन रात्री याच भागात ठेवल्या त्या यासाठीच.

टेकापो ते वानाका सुमारे दोनशे किलोमीटर, लिंडिस पासवरून. हा घाट आपल्या घाटांसारखा झाडीचा नाही. दोन्ही बाजूंना केवळ पिवळ्या गवताच्या घड्या. पलीकडे उतरल्यावर फळबागांचा मुलुख जवळ येतो. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेला चेरी मिळतात. वानाकाबद्दल मी जास्त लिहीत नाही. तळ्याकाठी बसायला बाकडी आहेत, बेकरी आहे, आणि दोन रात्री तेवढ्यासाठी पुरतात.

वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजचा रस्ता जेमतेम सत्तर किलोमीटर, पण हजार मीटरहून उंच जातो. न्यूझीलंडमधला हा सर्वांत उंच मुख्य डांबरी रस्ता. वाटेत कार्ड्रोनाचे सोन्याच्या शोधाच्या काळातले लाकडी हॉटेल लागते. उतारावर ब्रेक दाबून धरू नका. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर घेता येतो, तो कसा हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा. हवा खराब असेल किंवा घाटाची भीती वाटत असेल तर क्रॉमवेलवरून जाणारा सखल रस्ता घ्या. अर्धा तास जास्त लागेल, पण त्यावर कावाराऊ पूल लागतो. व्यावसायिक बंजी उड्या १९८८ साली तिथूनच सुरू झाल्या. उडी न मारता दुसऱ्यांना मारताना बघायला पैसे पडत नाहीत.

मिलफर्ड साउंडचे काय?

डोंगरांत खोल शिरलेल्या या समुद्राच्या खाडीबद्दल हा प्रश्न हमखास येतो. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड एका बाजूने २८५ किलोमीटरच्या पुढे, म्हणजे जाऊन-येऊन आठ तासांवर गाडी, आणि मध्ये दोन तासांची बोट. शिवाय वाटेतल्या 'ते आनाव' या गावाच्या पुढे मोबाइलला रेंज नाही, पेट्रोलचा भरवसा नाही, हिमप्रपात आणि दरडींमुळे रस्ता अचानक बंद होऊ शकतो. स्वतः चालवत एका दिवसात हे करू नये, एवढे माझे ठाम मत. बसने जा आणि खिडकीशी डुलक्या घ्या. नाहीतर वानाकाच्या दोन रात्री काढून 'ते आनाव'ला द्या, तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर उरते. टाकी 'ते आनाव'लाच भरा. वाटेतल्या होमर बोगद्याशी किआ नावाचे पहाडी पोपट भेटतील. त्यांना खायला देऊ नका. ते गाडीच्या काचेभोवतीचे रबर उपटतात आणि ते पैसे तुमच्याच खिशातून जातात.

पश्चिम किनारा आणि तिथल्या हिमनद्या या सहलीत नाहीत. वानाकाहून फ्रान्झ जोसेफ चार तासांवर आहे. 'एवढे आलोच आहोत तर' हे वाक्य कुणी उच्चारले की त्याच्या हातात नकाशा द्यावा.

गाडी घेताना

चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा मध्यम सेडानमध्ये मावत नाहीत. एकतर मोठी गाडी घ्या किंवा बॅगा कमी करा, दुसरे बरे. डिझेल गाडी स्वस्त दिसली तर किलोमीटरमागे वेगळा रस्ता कर लागतो का ते विचारा. डिझेलवर तिथे पंपावर नाही, तर अंतरावर कर असतो आणि काही कंपन्या तो शेवटी बिलात लावतात.

विम्याचा कागद नीट वाचा. भाड्यात विमा असतो, पण अपघात झाला तर पहिले काही हजार डॉलर तुम्ही भरायचे असतात. रोज थोडे जास्त देऊन ती रक्कम कमी करता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते करावे. समोरची काच आणि टायर त्यात धरलेत का, हे वेगळे विचारा. उन्हाळ्यात रस्त्यांवर नवी खडी टाकलेली असते आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा काचेला टवका पाडतो. दुसरे एक नुकसान नवख्यांच्या ध्यानात येत नाही: वारा. पुकाकीच्या काठी दार उघडले की वारा ते हातातून हिसकावून बिजागरीपासून वाकवतो. दार दोन्ही हातांनी धरून उघडायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. कच्च्या रस्त्यांवर गाडी नेण्याची मनाई करारात असू शकते, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड तर जवळजवळ सगळ्यांच्या यादीत असतो.

क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. दुसरा चालक असेल तर त्याचे नाव करारात घाला. नाव नसलेल्या मेव्हण्याने 'थोडा वेळ मी' म्हणून गाडी घेतली आणि ठोकली, तर विमा संपला. निघण्याआधी गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, छत आणि चाकेही धरून.

सात वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट कायद्याने लागते. मांडीवर बसवणे नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. बुकिंग करतानाच सांगा.

रस्त्यावर आपल्या सवयी

डावीकडून चालवता येते म्हणजे सगळे येते असे नाही. शहरात ५०, बाहेर १०० ही कमाल मर्यादा आहे, शंभरनेच चालवा असा आदेश नव्हे. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५ किंवा ५५ असा आकडा असतो, तो गांभीर्याने घ्या, कारण तो खरा असतो. शाळेची बस थांबून मुले चढत-उतरत असतील तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी ताशी २० वर यायचे.

'स्टॉप' लिहिले असेल तिथे चाके पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. लाल दिव्याला डावीकडे वळायचे नाही. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की थांबायचे, आणि तिथली माणसे तुम्ही थांबणार या खात्रीने पाऊल टाकतात.

एकेरी पुलांवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पुलाआधी दोन बाण असलेली पाटी असते. लहान लाल बाण ज्याच्या दिशेचा, त्याने थांबायचे. तुमच्या बाजूला लाल काठाची गोल पाटी आली तर थांबा, निळी चौकोनी आली तर पाळी तुमची. पाळी तुमची असली तरी समोरचा पुलावर चढलेला असेल तर त्याला उतरू द्या. समोरच्याने हात वर केला तर आपणही करावा.

हॉर्न विसरा. घाटाच्या वळणावर वाजवायची आपली सवय तिथे शिवीसारखी वाटते. तुमच्या मागे तीन-चार गाड्या साठल्या तर पुढच्या रुंद जागी डावीकडे होऊन त्यांना जाऊ द्या. यात कमीपणा नाही, उलट मागे कुणी नसले की डोंगर बघत जाता येते. फोटोसाठी मात्र रस्त्याच्या कडेला कुठेही अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर अशी उभी करायची नाही. थांबण्याच्या जागा भरपूर आहेत. मध्ये पिवळी रेघ तुमच्या बाजूला असेल तर ओव्हरटेक नाही. फोन हातात धरणे नाही. कॅमेऱ्यात आलेला दंड गाडीच्या कंपनीकडे जातो आणि ती आपली फी जोडून तुमच्या कार्डावर लावते, अनेकदा तुम्ही घरी पोचल्यावर.

अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर चालवू नका. संध्याकाळचा मुक्काम उजेडात गाठायचा, एवढे पाळले तरी पुष्कळ.

जेवण आणि मुक्काम

मोटेल घ्या, आणि स्वयंपाकघर असलेलेच घ्या. तिथल्या साध्या मोटेलच्या खोलीतही बहुधा हॉटप्लेट, भांडी, फ्रिज असतो, आणि चावीबरोबर दुधाची छोटी बाटली देण्याची छान पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. क्राइस्टचर्चच्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, मसूर, हळद, दही सगळे मिळते. टेकापोला दुकान लहान आणि महाग, म्हणून आधीच भरून निघा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर रात्रीच्या मुगाच्या खिचडीने सहलीचा अर्धा त्रास वाचतो. लहान गावांत उपाहारगृहांची स्वयंपाकघरे आठ-साडेआठला बंद होतात, आपण जेवायला निघतो त्या वेळी. मोटेलचे कार्यालयही तेव्हाच बंद होते. उशीर होणार असेल तर फोन करा, चावी बाहेर ठेवतात.

कॅम्परव्हॅन पहिल्या सहलीला नको. मोठी गाडी वाऱ्यात चालवणे, टाक्या रिकाम्या करणे, मुक्कामाचे नियम, यात सुट्टीचा निवांतपणा जातो. वाटेल तिथे रात्र काढली तर दंडही होतो.

शेवटचा दिवस

क्वीन्सटाउनचा विमानतळ फ्रँकटनला, गावापासून दहा-पंधरा मिनिटांवर. पण सकाळी आणि संध्याकाळी त्या रस्त्यावर चांगली रांग लागते. पेट्रोल फ्रँकटनलाच भरा आणि पावतीचा फोटो ठेवा. पंपावर स्वतः भरायचे असते. झाकणाच्या आत पेट्रोल की डिझेल ते लिहिलेले असते, पेट्रोलच्या गाडीला सहसा ९१ चालते. गाडी सोडताना पुन्हा व्हिडिओ काढा आणि शक्य असेल तर माणसासमोर ताबा द्या. हा विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे, धुके किंवा वाऱ्याने विमाने रखडतात किंवा रद्द होतात. त्यामुळे भारताकडे येणारे विमान ऑकलंडहून रात्री असेल तर क्वीन्सटाउनहून दुपारचे नको, सकाळचे पहिले धरा. पुढचे तिकीट वेगळे काढलेले असेल तर आदल्या दिवशीच ऑकलंड गाठा.